‘ब्लूनोज’च्या पट्ट्या नाळेपाशी एकमेकींवर का चढतात, आणि आता काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ‘ब्लूनोज’ या दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाचं, म्हणजे स्कूनरचं, १:७५ प्रमाणातलं लाकडी किट घेतलंय, आयुष्यातलं पहिलंच. काम मुंबईत, ऐन जुलैत सुरू झालंय. ५ मिमी रुंद आणि १.५ मिमी जाड लाइमवूडच्या पट्ट्या डेकच्या कडेपासून खाली लावत आलात, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ झाल्या. पहिल्या तीन-चार छान बसल्या. पुढे नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, प्रत्येक पट्टीची एक कड उचलायला लागली आणि आता त्या कौलांसारख्या एकीवर एक चढल्यासारख्या दिसतात. जहाजाच्या मधल्या भागात फटी आहेत. पट्ट्या तासभर भिजवून पाहिल्या, वाफ देऊन पाहिली, फरक नाही. तेव्हा वाकवण्याचं एखादं चांगलं यंत्र घ्यावं का? की सरळ लांबी (पुट्टी) भरून, घासून काळा रंग मारला तर झाकलं जाईल? आणि पाण्याच्या पातळीची ती पांढरी रेघ सरळ कशी येते?

यंत्र घेऊ नका. तुमच्या पट्ट्या पुरेशा वाकत आहेत. त्या पुरेशा अरुंद केलेल्या नाहीत, खरा घोटाळा तिथे आहे.

जहाजाच्या पोटाचा घेर सगळीकडे सारखा नसतो. कागदाची एक अरुंद पट्टी घ्या, मधल्या बल्कहेडवर (सांगाड्याच्या आडव्या प्लायच्या फळीवर) डेकच्या कडेपासून खाली कण्यापर्यंत, म्हणजे तळाच्या मधल्या लाकडापर्यंत, चिकटवा आणि लांबी मोजा. मग तेच नाळेजवळच्या पहिल्या बल्कहेडवर आणि मागच्या शेवटच्या बल्कहेडवर करा. हिशेबापुरतं धरू की मध्ये १२० मिमी भरले, नाळेशी ७८ आणि मागे १०८. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, ते तुम्हीच मोजून घ्या, पण हिशेबाची रीत हीच. मधल्या १२० मिमीत ५ मिमीच्या २४ पट्ट्या बसतात. त्याच २४ पट्ट्या नाळेशी ७८ मिमीत बसायच्या असतील तर तिथे प्रत्येकीच्या वाट्याला ३.२५ मिमी येतात, आणि मागे ४.५. म्हणजे पट्टी मध्ये पूर्ण रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती हवी. खऱ्या लाकडी जहाजाची फळीही अशीच बेतून कापतात, समांतर कडांची फळी पोटावर क्वचितच कुठे चालते. किटमध्ये मात्र सगळ्या पट्ट्या समांतर येतात आणि सूचनापत्रकात ‘गरजेप्रमाणे निमुळती करा’ एवढं एकच वाक्य असतं. सारी गोम त्या वाक्यात आहे.

आता कड का उचलते ते बघा. स्टीलची फूटपट्टी हातात घ्या. सपाट बाजूने ती सहज वाकते. टेबलावर आडवी ठेवून कडेच्या दिशेने वाकवायला जा, ती वाकत नाही, पिळते आणि एक कड वर येते. पूर्ण रुंदीची पट्टी नाळेशी आधीच्या पट्टीला चिकटवून धरता तेव्हा तुम्ही तिला नेमकं हेच करायला लावता. भिजवून, वाफवून लाकूड सपाट बाजूने मऊ होतं. कडेच्या बाजूने मिळणारी सवलत फार थोडी असते. म्हणून तासभर भिजवूनही फरक पडला नाही.

लांबी भरून झाकायचं की उचकटायचं, हे दोन मोजमापांवर ठरवा. पहिलं म्हणजे पायरीची उंची. दोन पट्ट्यांमधली पायरी अर्ध्या मिमीच्या आत असेल तर घासून निघेल. १.५ मिमी जाडीच्या पट्टीतून त्याहून जास्त घासलं की खाली लाकूड फार पातळ उरतं आणि बोटाने दाबलं तरी आत जातं. दुसरं मोजमाप उरलेल्या जागेचं. तुमच्या नऊ पट्ट्यांनी नाळेशी ४५ मिमी खाल्ले. उरले ३३ मिमी आणि लावायच्या पट्ट्या १५, म्हणजे एकीला २.२ मिमी. पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याखाली नेऊ नये, म्हणजे इथे २.५ च्या खाली नाही. त्याहून बारीक टोक काडीसारखं होतं, त्याला गोंद धरायला जागा नसते आणि घासताना तेच पहिलं निघून येतं. म्हणजे आत्ताच्या स्थितीत पुढे जायला वाट नाही. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या चार काढल्या, तर पाच पट्ट्यांचे २५ मिमी जातात, ५३ मिमीत १९ पट्ट्या येतात, एकीला साधारण २.८. हे जमण्यासारखं आहे. तशाही तुमच्या पहिल्या तीन-चार चांगल्या बसल्या आहेत, त्यामुळे बिघडलेल्याच निघतील. एकाच बाजूच्या काढून दुसरी तशीच ठेवू नका, दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत.

कशा काढायच्या ते गोंदावर अवलंबून. फेविकॉलसारखा पांढरा गोंद असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने सांध्यावर लावा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा लावा आणि पातळ पातं हळूच सरकवा. गरम पाण्यानेही सुटतो, पण पाणी प्लायच्या बल्कहेडमध्ये मुरतं, म्हणून अल्कोहोल बरं. फेविक्विकच्या जातीचा गोंद असेल तर ॲसिटोन लागेल, खिडकी उघडी ठेवून आणि जवळपास ज्योत नसताना. पट्टी तुटली तर तुटू द्या, बल्कहेड जपा. सुटल्यावर बल्कहेडच्या कडेवरचा जुना गोंद कानशीने पूर्ण काढा, नाहीतर नवी पट्टी त्या गाठीवर बसेल आणि तिथे पुन्हा उंचवटा येईल.

चार पट्ट्या निघाल्या की बल्कहेड उघडे पडतात. आता नवी पट्टी लावायची घाई करू नका, आधी त्यांचा उतार तपासा. एक कोरी पट्टी आडवी धरून निदान पाच बल्कहेडवरून फिरवा. ती प्रत्येक बल्कहेडच्या पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे. नाळेकडच्या तीन-चार बल्कहेडवर ती एकाच कोपऱ्यावर टेकत असेल तर कोणती कड घासायची याचा गोंधळ होतो. म्हणून नियम लक्षात ठेवा: नाळेकडे जहाज पुढे अरुंद होत जातं, तेव्हा बल्कहेडची पुढची कड घासायची, पिछाडीकडे मागची. पट्टी मागच्याच कोपऱ्यावर टेकते याचा अर्थ पुढची कड गरजेपेक्षा जास्त घासली गेली. पुढच्याच कोपऱ्यावर टेकते म्हणजे अजून घासायची आहे. लाकडी ठोकळ्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, ठोकळा दोन-तीन बल्कहेडवर एकदम टेकेल असा फिरवा. नुसत्या बोटाने घासलं तर प्रत्येक बल्कहेड स्वतंत्र गोल होतो. एखादा सबंध बल्कहेडच खोल बसला असेल तर त्याच्या कडेवर व्हिनियरची पातळ पट्टी चिकटवून उंची वाढवा. तुमच्या मधल्या भागातल्या काही फटी या खोल बल्कहेडमुळेच असण्याची दाट शक्यता आहे. नाळेशी पहिल्या दोन बल्कहेडमधल्या पोकळीत बाल्सा या हलक्या लाकडाचे ठोकळे बसवून आकार दिला नसेल तर आत्ताही देता येईल, पट्ट्यांच्या टोकांना टेकायला भक्कम जागा मिळते.

याच वेळी पिछाडीकडे एक गोष्ट बघून घ्या, कारण पहिल्या किटमध्ये ही पायरी सर्रास सुटते. मधला प्लायचा कणा ५ मिमी जाड आणि त्याच्या मागे लागणारा सुकाणूचा खांबही ५ मिमी. कण्याच्या दोन्ही अंगांना पट्ट्यांचा पहिला थर १.५ आणि त्यावर लागणारा वरचा थर ०.६ मिमी, म्हणजे एका अंगाला २.१ आणि दोन्ही मिळून ४.२. कणा तसाच ठेवला तर पट्ट्या लागल्यावर तिथे जाडी ९.२ होते आणि ५ मिमीचा खांब त्यापुढे काडीसारखा दिसतो. म्हणून शेवटच्या बल्कहेडच्या मागे, खालच्या भागात कणा दोन्हीकडून उतरता घासून मागच्या कडेला जेमतेम १ मिमी ठेवायचा. हे बल्कहेड बसवण्याआधी करणं सोपं असतं. आता अडचणीच्या जागेत पटाशी आणि अरुंद कानस घेऊन करावं लागेल, पण तुमच्या पट्ट्या अजून खालपर्यंत पोचलेल्या नाहीत, तोवर हात जातो. करून टाका.

आता नवी पट्टी. उरलेल्या घेराचे १९ समान भाग प्रत्येक बल्कहेडवर पेन्सिलीने पाडा. मधल्या बल्कहेडवर ९५ मिमीचे १९ भाग म्हणजे ५ मिमी, नाळेशी २.८, आणि इतर बल्कहेडवर जे येईल ते. प्रत्येक भाग मोजत बसण्यापेक्षा एका कागदावर एका बिंदूतून पंख्यासारख्या वीस रेघा काढा, कागदाची पट्टी त्यावर अशी सरकवा की घेर पहिल्या आणि शेवटच्या रेघेत नेमका बसेल. रेघा जिथे छेदतात तिथे खुणा करा. पंख्याच्या रेघा एखाद्या सरळ आडव्या रेषेवरच्या समान अंतराच्या खुणांतून काढलेल्या असू द्या आणि कागदाची पट्टी त्या आडव्या रेषेला समांतर ठेवा, म्हणजे भाग खरोखर समान पडतात.

निमुळती करताना डाव्या आणि उजव्या बाजूच्या दोन पट्ट्या एकत्र चिमट्यात धरा. बल्कहेडवरच्या खुणांची रुंदी पट्टीवर घ्या, स्टीलपट्टीला लागून धारदार पात्याने रेघेच्या थोडं बाहेरून कापा आणि उरलेलं लहान रंध्याने काढा. कापताना रेषा लाकडाच्या आत वळायला लागली की उलट दिशेने कापा, नाहीतर पट्टी उभी चिरते. रुंदी एकाच कडेवरून कमी करा, ती कड आधीच्या पट्टीकडे ठेवा. शेजारच्या पट्टीला टेकणारी कड किंचित तिरकी तासली तर गोलाईवर वरच्या बाजूची फट मिटते. हे प्रत्येक जोडीला करायचं आहे. एका जोडीला अर्धा-पाऊण तास लागतो, एका संध्याकाळी दोन जोड्या म्हणजे उत्तम वेग. आणि आळीपाळीने, एक डावी एक उजवी. एका बाजूच्या पाच-सहा सलग लावल्या तर सगळा सांगाडा केळ्यासारखा वाकतो आणि तो बाक नंतर कशानेही जात नाही.

भिजवण्याबद्दल. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ओली पट्टी लाकूड फुगल्यामुळे जास्त रुंद असते. तशीच लावून गोंद दिलात तर त्या वेळी सांधा अगदी घट्ट दिसतो आणि दोन दिवसांनी वाळून आकसली की फट उघडते. तुमच्या मधल्या फटींचं दुसरं कारण हेच असणार. म्हणून ओली पट्टी जागेवर चिमट्यांनी नुसती बांधा, रात्रभर वाळू द्या, सकाळी काढा, बाक टिकलेला असेल, मग कोरडी असताना बसवून बघा आणि तेव्हाच गोंद लावा. थोडा जास्त बाक हवा असेल तर केस वाळवण्याच्या ड्रायरची गरम हवा पुरते.

गोंद बल्कहेडच्या कडेला आणि शेजारच्या पट्टीच्या कडेलाही. पांढरा गोंदच मुख्य ठेवा, झटपट गोंदाचा ठिपका फक्त टोकांना, तात्पुरतं धरायला. तोच सर्वत्र वापरला तर सांधा ठिसूळ राहतो आणि कडेवर सांडलेला गोंद काचेसारखा कडक होऊन घासताना लाकूड खचतं, गोंद उभा राहतो.

पावसाळ्याचा मुद्दा तुमच्या बाबतीत खरंच महत्त्वाचा आहे. जुलैतल्या दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा घट्ट बसवलेल्या पट्ट्या डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत आकसतात, आणि त्यावर रंग दिलेला असेल तर सांध्यासांध्याला केसाएवढी तडकलेली रेघ उमटते. काळ्या रंगावर ती फार दिसते. उपाय दोन. कोऱ्या पट्ट्या झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पट्ट्यांचं काम आत्ता पूर्ण करा पण वरचा थर आणि रंग पाऊस ओसरल्यावर, हवा कोरडी झाली की घ्या. दोन-तीन महिने सांगाडा तसाच राहिला तर काही बिघडत नाही, उलट ज्या फटी पडायच्या त्या रंगाआधीच पडतात. एसीच्या खोलीत काम करून रात्री गॅलरीत ठेवणं मात्र सगळ्यात वाईट. गोंदालाही या दिवसांत जास्त वेळ लागतो, चिमटे दुसऱ्या दिवशीच काढा.

म्हणजे क्रम असा: चार-चार पट्ट्या काढा, बल्कहेडचा उतार आणि मागचा कणा दुरुस्त करा, खुणा पाडा, निमुळत्या जोड्या आळीपाळीने लावा, मग थांबा.

रंगाआधीची लांबी. एक मिमीहून रुंद फटीत लांबी भरू नका, त्याच लाकडाची पातळ चीप गोंद लावून ठासा आणि घासा. लाकूड हलतं, लांबी हलत नाही, म्हणून रुंद फटीतली लांबी कडेने सुटते. बारीक फटींना लांबी चालेल, पण एका वेळी पातळ हात, वाळल्यावर दुसरा. जाड थर वरून वाळतो आणि आत बसत जातो. घासणी १२० पासून १८०, २४० आणि शेवटी ३२०. पूर्ण अंधारात टॉर्च अंगाला जवळजवळ समांतर धरून बघा, दिवसाच्या उजेडात न दिसणारी प्रत्येक पायरी सावली टाकते. मग ओल्या फडक्याने पुसून तंतू उभे करा, वाळल्यावर ३२० चा हलका हात. वरच्या थराचं लाकूड महोगनीच्या जातीचं, उघड्या रंध्रांचं असेल तर रंध्रं बुजवणाऱ्या सँडिंग सीलरचे दोन-तीन हात लागतील. सबंध जहाज रंगवायचंच आहे, तेव्हा वरचा थरही लाइमवूडचा मिळाला तर हे सगळे श्रम वाचतात, माझी पसंती त्यालाच. राखाडी प्रायमरचा पातळ थर दिला की उरलेले दोष पुन्हा दिसतील. दिसणारच, त्यासाठीच तो असतो. लांबी, घासणी, पुन्हा प्रायमर. तीन फेऱ्या धरून चाला. लॅकरचा स्प्रे दमट दिवशी मारू नका, वर पांढुरकी झाक येते.

आता पांढरी रेघ. मूळ ‘ब्लूनोज’ २६ मार्च १९२१ रोजी कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या लुनेनबर्गला पाण्यात उतरली. ती मासेमारीची आणि शर्यतींची स्कूनर, तिचा कणा मागे खोल आणि पुढे वर असा तिरका आहे. त्यामुळे कणा टेबलावर सपाट टेकवून पेन्सिल फिरवली तर रेघ सपशेल चुकते, नाळेशी खूप वर जाते आणि मागे बुडते. नकाशावर पाण्याची रेषा नाळेला आणि सुकाणूच्या खांबाला कुठे छेदते ते मोजा, त्या दोन खुणा टेबलापासून समान उंचीवर येईपर्यंत नाळ उचला किंवा मागची बाजू खाली करा आणि पाचर देऊन स्टँड पक्का करा. दोन्ही बाजूंना गुण्या लावून जहाज कलतं नाही ना ते बघा. मग ठोकळ्याला बांधलेली पेन्सिल त्या उंचीवर सगळीकडे फिरवा.

एक रेघ पुरत नाही, दोन काढा, दुसरी २ मिमी वर. कारण हा पट्टा म्हणजे दोन आडव्या पातळ्यांमधली जागा आहे. उभ्या अंगावर ती २ मिमीच असते, पण पिछाडीखाली अंग जवळजवळ आडवं होतं तिथे त्याच दोन रेघांमधलं अंतर पसरून दुप्पट-तिप्पट होतं. नुसती २ मिमीची टेप फिरवली तर बाजूने बघताना पट्टा तिथे गायब होतो. बऱ्याच देखण्या प्रतिकृतींत ही चूक दिसते.

रंगाचा क्रम उजळाकडून गडदाकडे. आधी त्या रेघांच्या आजूबाजूला सेंटिमीटरभर पांढरा पट्टा पातळ हातांनी द्या, चार तरी लागतील, आणि तो पुरा वाळू द्या. पेन्सिलीची रेघ रंगाखाली जाणार, म्हणून वाळल्यावर ठोकळा पुन्हा फिरवून दोन्ही रेघा हलक्या उमटवा. मग रेघांमधली जागा मास्किंग टेपने झाका, पिछाडीखाली रुंद कापून. टेपची कड नखाने दाबा आणि त्या कडांवर पांढऱ्याचाच एक पातळ हात मारा. टेपखाली जे झिरपायचं ते पांढरंच झिरपतं आणि चीर बंद होते. त्यावर खाली तांबूस लाल, वर काळा. काळा अगदी गडद घेऊ नका, थोडा राखाडी मिसळा आणि चमक मंद ठेवा, एवढ्या लहान आकारावर शुद्ध चकचकीत काळा खेळण्यासारखा दिसतो. कठड्याखालची पिवळी रेघ काळ्यावर ब्रशने ओढायची नसते, तीही पांढऱ्यासारखीच आधी द्यायची आणि झाकायची, काळ्यावर पिवळा कधी नीट बसत नाही.

टेप शेवटचा हात पूर्ण कडक होण्याआधी, बोटाला चिकटत नाही एवढा वाळल्यावर काढा. टोक मागे दुमडून, जवळजवळ स्वतःवरच सपाट ठेवत हळू ओढा. वर उभी खेचली तर काळ्याची कड टेपबरोबर उचलून येते.